फवारणीच्या अलीकडे आणि पलीकडे

कीटकनाशकांवरचा वाद बहुतेक वेळा फवारावं की फवारू नये, एवढ्यावरच अडतो. एका बाजूला विषमुक्त शेतीचा आग्रह, दुसऱ्या बाजूला ‘फवारलं नाही तर पीक हाती कसं लागणार’ हा सवाल. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण या गदारोळात काही साधी कामं नजरेआड राहतात. औषध कशाने मोजलं, पाणी किती घेतलं, नोझल कुठलं होतं, पंप कुठे धुतला, रिकामी बाटली कुठे गेली. माती, ओढे, मधमाश्या, बेडूक आणि खुद्द फवारणारा माणूस यांच्या वाट्याला येणारं पुष्कळसं विष या कामांतून येतं. आणि ही कामं याच हंगामापासून वेगळ्या रीतीने करता येतात. म्हणून मला त्यांच्याविषयी सविस्तर लिहायचं आहे. उदाहरण घेतो ते विदर्भातल्या कपाशीचं, कारण या सवयींची किंमत तिथे माणसांनी जिवानिशी मोजली आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधा होऊन दवाखान्यात येऊ लागले. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ही रीघ चालू होती. शेकडो जण भरती झाले, वीसच्या आसपास माणसं दगावली, काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. त्या वर्षी अनेक गोष्टी एकत्र आल्या होत्या. पऱ्हाटी, म्हणजे शेतातली उभी कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे नळी वर धरून फवारावं लागे आणि तुषार तोंडावर, मानेवर उतरत. हवेत दमट उकाडा होता, अंगातले कपडे घामाने भिजलेले; ओल्या कातडीतून औषध लवकर आत जातं. बॅटरीवरच्या स्वस्त चायना पंपांचे तुषार बारीक, धुक्यासारखे. गुलाबी बोंडअळी बीटी वाणांना (अळीला आवर घालण्यासाठी जनुक बदललेल्या कपाशीला) जुमानत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या होत्या, आणि एका टाकीत दोन-तीन औषधं पडत होती. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण, मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थ्युरॉन ही नावं तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत. पुढच्या हंगामात सरकारने पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. मुदत संपली, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले.

यातली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. मज्जातंतूंमधला संदेश पोहोचल्यावर तो थांबवणारं एक एन्झाइम असतं. ही औषधं त्यालाच निकामी करतात. मग संदेश चालूच राहतो. डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसतात, लाळ आणि घाम सुटतो, उलट्या होतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. असं काही जाणवलं तर पहिलं काम म्हणजे अंगावरचे कपडे उतरवणं आणि डोक्यापासून पायापर्यंत साबणाने अंग धुणं. दूध पाजत वेळ घालवू नये. औषधाची बाटली किंवा निदान तिचं लेबल डॉक्टरांपुढे ठेवावं. हेच एन्झाइम तुडतुड्यात असतं, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यात असतं, बांधावरच्या बेडकात असतं आणि त्यावर टपलेल्या बगळ्यातही असतं. त्यामुळे मजुराच्या अंगावर किती औषध पडलं आणि शेताबाहेर किती गेलं, हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. जी गळती माणसाला आजारी पाडते तीच नाल्यात पोहोचते.

गळतीची सुरुवात कृषी केंद्राच्या काउंटरवरच होते. शेतकरी लक्षण सांगतो, पानं आकसली, कडा लालसर झाल्या. दुकानदार एक कीटकनाशक देतो, सोबत एखादं बुरशीनाशक आणि एक टॉनिक, आणि सांगतो की तिन्ही एकत्र मारा, मजुरी वाचेल. मजुरी खरंच वाचते, म्हणून हा सल्ला पटतो. पण टाकीतलं हे मिश्रण कोणी तपासलेलं नसतं. दोन औषधं एकमेकांत फाटून नोझल चोंदतं, कधी पानं करपतात, आणि दोन्ही एकाच गटातली असली तर फवारणाऱ्याच्या अंगावर दुप्पट भार येतो. लेबलवर मिसळण्याची शिफारस नसेल तर मिसळू नये, हा नियम कितीही कंटाळवाणा असला तरी पाळण्यासारखा आहे.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दलही एक गैरसमज आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हा उतरता क्रम बहुतेकांना माहीत असतो. पण हा क्रम उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांतून ठरतो. मासा किंवा मधमाशी त्यात धरलेलीच नाही. इमिडाक्लोप्रिडच्या बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो, आणि मधमाशीला मारायला त्याचे काही नॅनोग्रॅम पुरतात. रंग बघून ‘हे तर सौम्य आहे’ म्हणत फुलोऱ्यातल्या पिकावर फवारणी होते ती यामुळे. मधमाश्या आणि मासे यांच्याविषयीची सूचना लेबलवर बारीक अक्षरांत, माहितीपत्रकाच्या आतल्या घडीत असते. ती पुढच्या बाजूला, त्रिकोणाशेजारी चित्राने छापायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

आता मोजमाप. कपाशीवरच्या रसशोषक किडींसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे औषध १० लिटर पाण्याला २.५ मिलिलिटर सांगितलेलं आहे. १६ लिटरच्या पंपाला ४ मिलिलिटर झाले. शेतात मात्र माप असतं ‘एक झाकण’. झाकणात कधी १० मिलिलिटर मावतं, कधी २०. म्हणजे अडीच ते पाच पट औषध, तेही प्रत्येक पंपाला वेगळं. पाच-दहा रुपयांची सुई काढलेली सिरिंज किंवा खुणा असलेला छोटा प्लास्टिकचा पेला एवढ्याने ही चूक टळते. तो पेला फवारणीच्या सामानातच बांधून ठेवावा, घरात परत नेऊ नये. सर्वांत घातक क्षण बाटलीतून औषध मोजून ओतण्याचा असतो. पंपातलं द्रावण पाण्याने कितीतरी पट पातळ झालेलं असतं, बाटलीतलं औषध मूळ तीव्रतेचं. म्हणून रबरी हातमोजे पूर्ण दिवस घालवत नसतील तर निदान औषध ओतताना आणि ढवळताना घालावेत, वाऱ्याकडे पाठ करून ओतावं, आणि ढवळायला लांब काठी घ्यावी. हात घालून ढवळणारे लोक आजही आहेत.

औषध मोजलं तरी पाणी मोजलेलं नसेल तर अर्धंच काम झालं. एकरी किती पाणी लागतं हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजून बघणं सोपं आहे. शेतात १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा आखायचा. पंपात मोजून साधं पाणी भरायचं. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या दाबाने तो तुकडा फवारायचा आणि उरलेलं पाणी मोजायचं. जितकं खर्च झालं त्याला ४० ने गुणलं की एकरी पाणी निघतं, कारण एकर सुमारे ४००० चौरस मीटरचा. पाच लिटर लागलं असेल तर एकरी २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. पऱ्हाटी गुडघ्याएवढी असताना हा आकडा कमी येतो, भरल्यावर वाढतो; म्हणून हंगामात दोन-तीनदा मोजावं. पेट्रोलवरच्या पॉवर स्प्रेला एकरी पाणी फार कमी लागतं, त्यामुळे त्याच्या टाकीत औषधाचं प्रमाण साध्या पंपाच्या साधारण तिप्पट धरतात. घोटाळा असा होतो की तेच तिप्पट माप डोक्यात बसतं आणि पुढच्या फवारणीला साध्या पंपातही पडतं.

पाण्याची जातही बघावी. काळ्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा अल्कधर्मी असतं, आणि अशा पाण्यात ऑरगॅनोफॉस्फेट औषधं लवकर फुटतात. सकाळी कालवलेल्या द्रावणाची ताकद दुपारपर्यंत घटू शकते, किडी मरत नाहीत, शेतकऱ्याला वाटतं औषध बोगस आहे, आणि पुढच्या खेपेस झाकणं वाढतात. जेवढं तासाभरात फवारून संपेल तेवढंच कालवावं.

नोझलकडे तर कोणी ढुंकून पाहत नाही. कीटकनाशकाला पोकळ शंकूच्या आकारात तुषार सोडणारं नोझल लागतं, तणनाशकाला पंख्यासारखं सपाट. वापरून नोझलचं भोक झिजतं. एक मिनिट पंप मारून मापाच्या भांड्यात पाणी धरायचं. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी पडलं तर नोझल बदलायचं. नोझल चोंदलं की तार किंवा टाचणी घालतात, त्याने भोक मोठं आणि वाकडं होतं. आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे नोझल तोंडाने फुंकणं. जुना मऊ दातघासणीचा ब्रश आणि पाण्याची एक बाटली सोबत असली तर तोंड लावायची वेळच येत नाही. पंपाचं झाकण, नळीचा सांधा आणि वॉशर गळतात का हे साध्या पाण्यावर आधी बघावं. गळका पंप दिवसभर पाठ आणि कंबर भिजवतो. ते औषध कपड्याला धरून राहतं आणि संध्याकाळपर्यंत आत मुरत जातं.

बऱ्याच गावांत फवारणीची मजुरी पंपावर ठरते. जितके पंप संपतील तितके पैसे. त्यामुळे मजूर भरभर चालतो, वाऱ्याची दिशा बघत नाही, दुपारच्या उन्हातही थांबत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मजुरी एकरावर किंवा दिवसावर ठरवली तर सकाळी वारा पडलेला असताना आणि पुन्हा ऊन उतरल्यावर फवारायला त्याला मोकळीक मिळते. पर्यावरणाच्या चर्चेत हा मजुरीचा हिशेब कधी येत नाही, पण वाऱ्यावर उडून शेजारच्या नाल्यात गेलेल्या औषधाचं मूळ कित्येकदा तिथेच असतं.

आता मुळातला प्रश्न: फवारणीची गरज होती का? बीटी कपाशीचं पाकिटातलं बी रंगीत असतं. त्यावर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामसारख्या औषधाचा लेप असतो आणि तो उगवणीनंतर महिनाभर तरी मावा-तुडतुड्यांना आवरतो. तरी विसाव्या-पंचविसाव्या दिवशी पहिली फवारणी होते, कारण शेजाऱ्याने केली. या फवारणीने कीड फारशी मरत नाही, तिच्यावर नुकते येऊ लागलेले ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, सिरफिड माश्या मात्र मरतात. महिन्याभराने मावा वाढतो तेव्हा त्याला खायला कोणी उरलेलं नसतं. पंजाबात २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने कपाशीचं अतोनात नुकसान केलं. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या करूनही ती आटोक्यात आली नाही, आणि मित्रकीटकांचा झालेला नाश हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. मोनोक्रोटोफॉस फवारलं की पऱ्हाटी हिरवीगार, तजेलदार दिसते, म्हणून ते कित्येकांना टॉनिकसारखं वाटतं. त्या हिरवेपणाने रसशोषक किडी आणखी ओढल्या जातात आणि फुलोरा लांबतो. लांबलेल्या फुलोऱ्यावर बोंडअळीची सोय होते.

गरज ठरवायला मोजणी लागते. शेतात आडवं-तिडवं फिरून वीस झाडं निवडायची, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं उलटून बघायची. तुडतुडे पानामागे सरासरी दोन, फुलकिडे दहा, पांढरी माशी आठ ते दहा, याच्या खाली असतील तर थांबायचं. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तर उपाय करायचा. सापळ्यातली ल्युअर, म्हणजे तो वास सोडणारी कुपी, ठरलेल्या मुदतीत बदलली नाही तर पतंग येत नाहीत, आणि शेतकरी समजतो की कीडच नाही. हे आकडे कृषी विद्यापीठं आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कित्येक वर्षं सांगत आली आहेत. ते गावच्या पारावर रंगवलेले असावेत, इतके कामाचे आहेत.

मर्यादेच्या आसपास कीड असेल तर आधी निंबोळी अर्क. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, वेगळ्या एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवायचा. सकाळी निंबोळीचं पाणी फडक्यातून दोनदा गाळून त्यात साबणाचं पाणी मिसळायचं, सगळं मिळून दहा लिटर करायचं आणि ते ९० लिटर पाण्यात घालायचं. हा झाला पाच टक्के अर्क, शंभर लिटर. तो अपयशी ठरतो त्याची कारणं ठरलेली आहेत. निंबोळ्या पावसात भिजून बुरशी लागलेल्या असतात, किंवा कडक उन्हात वाळवलेल्या असतात. अर्क दोन दिवस ठेवून मग वापरला जातो. आणि भर उन्हात फवारला जातो, जिथे त्यातलं मुख्य द्रव्य काही तासांत विरून जातं. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवून ठेवाव्यात, अर्क ताजा करावा, संध्याकाळी फवारावा. तो किडीला झटकन मारत नाही, तिचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो; म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधणाऱ्याचा विश्वास उडतो. सोबत एकरी दहाएक पक्षीथांबे लावावेत, पिकाच्या वर फूटभर येतील असे. कोतवाल आणि वेडा राघू त्यावर बसून पतंग आणि अळ्या टिपतात.

मधमाश्यांचं गणित वेळेचं आहे. सातेरी, फुलोरी, आग्या या सगळ्या उजाडल्यापासून फुलांवर असतात आणि सूर्यास्ताला परततात. म्हणून पीक फुलोऱ्यात असताना सकाळी आठ वाजताची फवारणी म्हणजे थेट माशीच्या अंगावर फवारणी. सूर्यास्तानंतर फवारलं तर द्रावण वाळायला रात्र मिळते. पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून परागात आणि मधुरसातही उतरतात, तिथे वेळ पाळूनही पूर्ण सुटका नाही. अशा औषधाच्या मरणाला न पुरणाऱ्या मात्रेनेही माशी घराची वाट चुकते. मरून पडलेली दिसत नाही, परत येत नाही इतकंच. पोळं हळूहळू रिकामं होतं. युरोपीय संघाने या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये थांबवला. आपल्याकडे कांद्याच्या बियाण्यासाठी डोंगळे लावणाऱ्यांना माशीची किंमत सर्वांत आधी कळते. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागाहून, म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कोणीतरी लागतंच. माशी नसेल तर गोंडे फुलतात आणि बी भरत नाही. फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी फवारणी करायची आणि मग मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणायच्या, असा उलटा व्यवहार अनेक ठिकाणी चालतो.

फवारणी झाली की पंप धुणं आलं, आणि इथे मी सर्वांत जास्त थांबणार आहे. पंप नाल्यात, कालव्यात किंवा विहिरीच्या थारोळ्याशी विसळला जातो, कारण पाणी तिथे आहे. एका हिशेबाने याचं गांभीर्य कळेल. २५ टक्के सायपरमेथ्रिनच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे २५० मिलिग्रॅम मूळ विष असतं. लिटरभर पाण्यात याचे एक-दोन मायक्रोग्रॅम असले तरी अनेक जातींचे मासे तग धरत नाहीत. आता २० फूट व्यासाची, ३० फूट पाणी असलेली विहीर घ्या. तिच्यात साधारण २ लाख ६७ हजार लिटर पाणी असतं. त्या सगळ्या पाण्यात एक मिलिलिटर औषध सारखं पसरलं तर लिटरमागे जवळपास एक मायक्रोग्रॅम होतो. एक मिलिलिटर म्हणजे बाटलीच्या तळाशी आणि आट्यांना चिकटून राहणारं औषध. प्रत्यक्षात हे विष बरंचसं गाळाला धरतं, पाण्यातला आकडा त्यामुळे खाली येतो. पण गाळात खेकडे असतात, झिंगे असतात, चतुरांच्या अळ्या असतात. चतुराची अळी पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढते. ती मेली की डास वाढतात, आणि संध्याकाळी त्याच गटातल्या औषधाची कॉइल घरात पेटते.

म्हणून बाटली आणि पंप शेतातच धुवायचे. बाटली पंपात उलटी करून अर्धा मिनिट निथळू द्यायची. मग तिच्यात पाव भाग पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीनदा. हे पाणी टाकून देण्याचं नसून त्या पंपातल्या पाण्याचाच भाग असतं, त्यामुळे औषधाचा थेंबही वाया जात नाही. हिशेबी माणसालाही हे पटावं. रिकाम्या बाटलीला लगेच भोक पाडायचं. न फोडलेली बाटली घरी गेली की तिच्यात रॉकेल येतं, तेल येतं, कधी पाणी येतं. पंप धुण्यासाठी शेवटचं एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, न फवारता सोडायचं. काम संपल्यावर टाकीत दोन-तीन लिटर पाणी घालून हलवायचं आणि नोझलमधूनच त्या सोडलेल्या तासावर फवारून टाकायचं, हेही तीनदा. नुसती टाकी उपडी केली तर नळी आणि दांडीतलं औषध तसंच राहतं. यासाठी पाण्याचा एक कॅन शेतात आधी नेऊन ठेवावा लागतो. एवढ्या एका कॅनच्या आळसापायी पंप नाल्यावर जातो. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, आणि घाटावर तर नेऊच नयेत.

तणनाशकाचा पंप वेगळाच असावा. २,४-डी फवारलेला पंप नीट धुतला नाही आणि तोच कपाशीत गेला तर पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, शेंडे आकसतात. कपाशी या औषधाला इतकी नाजूक आहे की शेजारच्या शेतातून वाऱ्यावर आलेला अंशही पुरतो. पण मला त्याहून जास्त काळजी धुऱ्यांची, म्हणजे शेताच्या बांधांची वाटते. खुरपणीला मजूर मिळत नाही हे खरं आहे, म्हणून पिकातलं तणनाशक समजू शकतो. धुरा मात्र केवळ स्वच्छ दिसावा म्हणून तणनाशकाने जाळला जातो. त्या धुऱ्यावर तरोटा, घोळ, पाथरी या रानभाज्या असतात, रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या वाढतात, आणि कपाशीतली कीड खाणारे ढालकिडे दोन पिकांच्या मधल्या काळात तिथेच तग धरतात. धुरा कापावा, वर्षातून दोनदा, बी धरण्याआधी. मुळं राहिली की पावसात माती वाहत नाही.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत सगळ्यात मोठी फवारणी वाचते ती फरदड न घेतल्याने. डिसेंबर-जानेवारीनंतर पाणी देऊन पीक लांबवलं की अळीला पुढच्या हंगामापर्यंत अन्न मिळत राहतं. वेचणी संपवून शेतात जनावरं सोडावीत, उरलेली किडकी बोंडं ती खातात, मग पऱ्हाट्या उपटून यंत्राने बारीक करून मातीत घालाव्यात. पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर जूनपर्यंत रचून ठेवले तर त्यातल्या बोंडांत अळी सुखाने झोपते. जळणाची गरज असलेल्या घरांनी निदान बोंडं झाडून मग पऱ्हाट्या घरी न्याव्यात.

शहरातल्या घरांबद्दल थोडक्यात. उंदरांसाठी ठेवलेलं ब्रोमाडिओलोन उंदराच्या यकृतात राहतं, आणि असे गुंगलेले उंदीर खाणारं गव्हाणी घुबड त्याच विषाने मरतं; पिंजरा लावणं आणि भोकं सिमेंटने बुजवणं यात थोडा वेळ जातो इतकंच. आणि बाजारात एकही भोक नसलेलं वांगं निवडून घेणाऱ्या हाताचा फवारणीशी थेट संबंध आहे. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी वांग्यावर फार दाट फवारण्या होतात. आठवड्याला सुकलेले शेंडे खुडून नष्ट केले आणि कामगंध सापळे लावले तर त्या कमी करता येतात, पण चार टक्के डागी माल व्यापारी घेणार नसेल तर शेतकरी हा मार्ग धरेल कशाला?

हे सगळं कागदावरच राहतं, असं म्हणणाऱ्यांना मी नाशिकच्या द्राक्षांकडे बोट दाखवतो. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि माल अडकला. बागायतदारांना त्याचा जबर फटका बसला. पण निर्यातीच्या बागांत आज काय दिसतं? शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत बागेची नोंदणी, प्रत्येक फवारणीची तारीख आणि मात्रा, काढणीआधी किती दिवस औषध बंद याचं वेळापत्रक, आणि काढणीपूर्वी प्रयोगशाळेत उर्वरित अंशाची तपासणी. पुण्याजवळच्या मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर देखरेख ठेवतं. याच राज्यातले, याच शिक्षणाचे शेतकरी हे करतात, कारण पलीकडे कोणीतरी मोजणारं आहे आणि नीट केलेल्या कामाला भाव आहे. यवतमाळच्या नाल्यातलं पाणी कोणी मोजत नाही.

नाल्याजवळ पंप धुतला जाणारच, असं गृहीत धरून काही देशांनी वाट काढली आहे. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकापासून पंप भरण्या-धुण्याच्या जागी एक खड्डा करतात. तळाशी चिकणमातीचा थर, त्यावर दोन फूट मिश्रण: निम्मं काड, चौथाई त्याच शेतातली माती, चौथाई पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) किंवा कंपोस्ट. वर गवत. काडावर वाढणाऱ्या बुरशा लाकडातलं लिग्निन फोडणारी एन्झाइमं सोडतात आणि तीच कीटकनाशकांचे रेणूही फोडतात. ग्वाटेमालासारख्या देशांनी हीच रचना स्थानिक माल वापरून गावोगाव केली. विदर्भात गव्हाचं काड, शेणखत आणि काळी माती हाताशी आहे. तळाच्या थराची चिंता काळ्या मातीत कमी, पण पाणी तुंबण्याची जास्त. मिश्रण चिखल झालं की हवा संपते आणि बुरशा थांबतात. म्हणून वर पत्र्याचं छप्पर हवं, कडेने पाणी आत येऊ नये म्हणून वीतभर उंच वरंबा हवा, आणि जागा विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर, पण फवारणीच्या वाटेवर हवी, नाहीतर तिथे कोणी जाणार नाही. शेजारी पाण्याची टाकी, मापाचे पेले टांगायला एक खिळा आणि भोक पाडलेल्या बाटल्यांसाठी कुलूप लावता येईल असं पिंप. काड कुजून मिश्रण दरवर्षी खाली बसतं, तेवढं नवं काड हंगामाआधी घालावं लागतं. सहा-आठ वर्षांनी सगळं मिश्रण उपसून वर्षभर झाकून ठेवायचं आणि मग शेतात टाकायचं. गावाला असे दोन-तीन खड्डे पुरतील. ग्रामपंचायतीने ते रोजगार हमीतून खणावेत, आणि काड घालण्याचं काम पंपावर मजुरी करणाऱ्यांनाच पगारी द्यावं, कारण तिथे रोज येणारे तेच आहेत.